चुन्याची डबी आणि दुधाळ निवळी

नमस्कार मंडळी! घरात कुणी पान खात असेल तर त्यांची चुन्याची डबी जरा मागून घ्या, आज तिचंच काम आहे.

नखाएवढा चुना ग्लासभर पाण्यात ढवळायचा, झाकून रात्रभर तसाच ठेवायचा आणि सकाळी तळाचा गाळ न हलवता वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं, झाली चुन्याची निवळी. आता स्ट्रॉने त्यात हळू फुंकत राहा, नुसतं फुंका, ओढू नका हं, तोंड पोळेल. थोड्या वेळात पाणी दुधाळ. तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने विरघळलेल्या चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट केलं, म्हणजे तोच आपला चुनखडीवाला पदार्थ. 1750च्या दशकात स्कॉटलंडात जोसेफ ब्लॅकनेही निवळीत श्वास सोडून हेच बघितलं होतं.

लॅबमध्ये हाच गॅस आम्ही संगमरवराच्या तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक अॅसिड टाकून बनवतो. दरवर्षी एकतरी पोरगं विचारतंच, सर सल्फ्युरिक चालेल का? घाल म्हणायचं. फसफस सुरू होते आणि जरा वेळाने बंद पडते, कारण तुकड्यांवर कॅल्शियम सल्फेटचा थर बसतो, तो पाण्यात फारसा विरघळत नाही, मग अॅसिड आत पोचणार कुठून?

अजून एक गंमत म्हणजे निवळी दुधाळ झाली तरी गॅस सोडतच राहिलात तर ती परत स्वच्छ होते, बायकार्बोनेट होऊन विरघळतं ना. गप्पा मारत उभी राहिलेली पोरं नेमकी तेव्हा वळून बघतात आणि जर्नलमध्ये लिहितात, बदल नाही!

पण खरी फजिती बारावीच्या सॉल्टमध्ये, म्हणजे दिलेला क्षार कोणता ते ओळखायच्या प्रॅक्टिकलमध्ये. अॅसिड टाकलं, बुडबुडे आले, निवळी दुधाळ, की लगेच कार्बोनेट लिहून मोकळे. अरे, सल्फाइट असेल तर सल्फर डायऑक्साइड येतो आणि तोही निवळी दुधाळच करतो! म्हणून डायक्रोमेटचा ओला कागद धरायचा, नारिंगीचा हिरवा झाला की कार्बोनेट नाही हे समजायचं. शिवाय सल्फर डायऑक्साइडला नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा झणका असतो, कार्बन डायऑक्साइडला वासच नाही. वास मात्र हाताने वारा घालून घ्यायचा, नळीत नाक खुपसून नाही. हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत तर नाकावर भरवसाच नको, गॅस जास्त झाला की सडक्या अंड्याचा वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं, गेला वाटतं. तिथे लेड अॅसिटेटचा कागद काळा पडतो का तेच बघायचं.

अमोनियालाही चुनाच लागतो बरं का, नवसागर आणि चुना तळहातावर चोळून सर्दीत हुंगायचे ना, तोच तो झोंबणारा वास. हलका असल्यामुळे त्याची बरणी उलटी धरायची, आणि पाण्यावर गोळा करायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही, सगळा पाण्यातच विरघळून जातो. त्याच्यावर पुढच्या वेळी बोलू. डबी आता जागेवर ठेवा, आजी शोधत असतील.