वायपर बिघडतो उन्हाळ्यात, कळतं पावसाळ्यात

नमस्कार श्रोतेहो. इंदुरात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो आणि पहिल्याच सरीला कित्येक गाड्यांचे वायपर काचेवर चिखल सारवत बसतात. रबराचं जे व्हायचं ते एप्रिल-मेमध्येच होऊन गेलेलं असतं.

काचेला टेकणारी रबराची कड अगदी पातळ असते. पातं जाताना ती एका बाजूला कलते, परतताना दुसऱ्या. पारा चाळिशीपार आणि गाडी दिवसभर उघड्यावर, म्हणजे ऊन आणि हवेतला ओझोन मिळून रबर कडक करतात. कड एकाच बाजूला वळून बसते, उलटत नाही आणि पातं काचेवर उड्या मारतं. खडखड होते ती यामुळे.

बाकीचं निदान काचेवरच दिसतं. नेमकी त्याच जागी बारीक रेघ उमटत असेल, तर कडेला चीर गेली आहे किंवा वाळूचा कण अडकला आहे. काचभर धुरकट पट्टे म्हणजे डिझेलच्या धुराचा नाहीतर पॉलिशचा तेलकट थर. तिथे पातं बदलून उपयोग नाही, काच क्लीनरनं घासा. गाडीचा वेग वाढला की पातं काचेवरून उचललं जात असेल, तर दांड्याची स्प्रिंग सैल झाली आहे. आणि नवं पातं घालूनही खडखड राहिली, तर दांडा पिळलेला समजा. तो मेकॅनिककडूनच सरळ करून घ्यावा, घरी पक्कड लावू नये.

आठवड्यातून एकदा दांडा उभा करून ओल्या मऊ फडक्यानं कड पुसा, फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत. पेट्रोल किंवा रॉकेल नको, त्यानं रबर फुगतं. आपल्या माळव्याची धूळ काचेवर असताना कोरडा वायपर तर मुळीच चालवू नका. कड जातेच, काचेवर ओरखडेही पडतात, आणि ते रात्री समोरच्या दिव्यात चमकतात. आधी पाण्याची पिचकारी, मग वायपर. पिचकारीच्या टाकीत बोरिंगचं जड पाणी घातलं तर तोटीत क्षार साचतो, म्हणून नळाला येणारं नर्मदेचं किंवा आरओचं घाला. तोटी चोंदलीच तर बारीक सुई.

पातं वर्षातून एकदा, मेअखेर बदला. दोन्ही बाजूंची लांबी बहुधा वेगळी असते, तेव्हा जुनी दोन्ही पाती इंचांत मोजूनच दुकानात जा. बदलताना काचेवर जाड टॉवेल पसरा. पातं काढलेला दांडा हातातून सुटला, तर स्प्रिंगच्या जोरानं तो थेट काचेवर आदळतो, आणि शेपाचशेच्या पात्यापायी हजारोंची काच तडकते. हुकाजवळची छोटी खिट्टी दाबून पातं दांड्याच्या बुडाकडे सरकवलं की सुटतं. नवं बसताना 'टक्' आवाज यायलाच हवा.

आणि इंजिन बंद करण्याआधी वायपरचा स्विच बंद करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी चावी फिरवताच तो वाळलेल्या चिखलावरूनच चालू होतो.