शॉप ॲक्ट काढलं, आता नाव माझंच ना?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "ताई, शॉप ॲक्ट काढलंय, आता नाव माझंच ना?" नाही हो. शॉप ॲक्ट म्हणजे दुकानाची सरकारी नोंद, त्याने धंद्याचं नाव आपलं होत नाही. म्हणूनच आज बसलेय.

सोपं ते आधी पटकन. एकट्याचा धंदा असेल, तर कंपनीसारखी नावाची वेगळी सरकारी नोंदणी नसते. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना द्यायची, पावती मिळते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, आधारवर होते आणि ती फुकट आहे. कुणी दोन हजार मागितले तर ती साइट बंद करा. जीएसटीत ट्रेड नेमचा रकाना असतो, तिथे दुकानाचं नाव टाका.

आता त्या पावतीकडे वळू. आपण धंदा करतोय हे सरकारला कळवलं, एवढाच तिचा अर्थ. ते नाव दुसऱ्या कुणाचं आहे का, हे तिथे कुणी बघत नाही. तुम्ही सांगलीत, दुसरा जळगावात, नाव एकच, आणि दोघांच्याही पावत्या खऱ्या.

माझ्या वहिनीचा गोडा मसाला होता. पावती फ्रेम करून देवघराशेजारी लावलेली. ऐन दिवाळीच्या तोंडावर वकिलाची नोटीस आली. तेच नाव मसाल्यांसाठी दुसऱ्याच्या नावावर ट्रेडमार्क, म्हणजे ब्रँड म्हणून कायद्याने नोंदवलेलं होतं. रात्री आम्ही चारशे बरण्या गरम पाण्यात बुडवून लेबलं खरवडली, राहिलेला गोंद खोबरेल तेलाने पुसला. वहिनी एक शब्द बोलली नाही. ती रात्र तुमच्यावर येऊ नये, म्हणून मी इतकं सांगतेय.

एका दादांनी लिहिलंय, "माझी प्रायव्हेट लिमिटेड आहे, नाव मंजूर झालंय." दादा, कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे ब्रँड तुमचा झाला असं नाही. वेबसाइटचं नाव घेतलं, इन्स्टाचं हँडल मिळालं, त्यानेही नाही. नावावर हक्क हवा तर ट्रेडमार्क.

पाकिटं छापण्याआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर शोधा, फुकट आहे. माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत: मसाले ३० मध्ये, लोणची २९ मध्ये, खानावळ ४३ मध्ये. नुसतं स्पेलिंग टाकून थांबू नका, उच्चारावरूनही शोधा. इंग्रजीत एक 'ए' कमी केला म्हणून नाव वेगळं होत नाही. आणि 'घरगुती मसाले' असं नुसतं वर्णन करणारं नाव अडतंच.

अर्जाचा फॉर्म टीएम-ए, ऑनलाइन, व्यक्ती किंवा लघुउद्योगाला एका वर्गाचे ४,५०० रुपये. अर्ज केला की नावापुढे 'टीएम' लावा. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याआधी लावणं बेकायदा आहे, दंड होऊ शकतो, आणि हे मी कितीतरी पाकिटांवर बघते! अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण.

पहिलं बिल जपून ठेवा. नाव आधी कोण वापरत होतं यावर वाद झाला, तर तोच कागद उपयोगी पडतो. वहिनीच्या नव्या नावाचं पहिलं बिल, पाव किलो गोडा मसाला, तारखेसकट फाइलमध्ये आहे.

आणि कृपा करून ठरवलेलं नाव कॉमेंटमध्ये टाकू नका. परवा एका काकूंनी टाकलं होतं, मी लगेच काढायला लावलं. वर्ग कोणता ते विचारा, नाव अर्ज झाल्यावर सांगा.