चौसष्ट माणसांची काउंटी

मंडळी, टेक्सासच्या नकाशावर पश्चिमेकडे बघा. न्यू मेक्सिकोच्या सरहद्दीला अगदी खेटून लव्हिंग काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. १८६७ मध्ये पेकॉस नदीच्या काठाने गुरांचे कळप नेताना कोमांची लोकांच्या हल्ल्यात जखमी होऊन पुढे मरण पावलेल्या ऑलिव्हर लव्हिंग या व्यापाऱ्याचं हे नाव. क्षेत्रफळ सुमारे १,७५० चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जवळजवळ तीनदा मावतील. २०२०च्या जनगणनेत इथली लोकसंख्या भरली ६४. संपूर्ण अमेरिकेतल्या काउंट्यांत सगळ्यात कमी.

का, ते पाण्यावरून कळतं. पाऊस वर्षाला जेमतेम अडीच-तीनशे मिलिमीटर. नैर्ऋत्येच्या कडेने पेकॉस वाहते खरी, पण पाणी खारवट. जमिनीखालचंही तसंच. मेंटोन हे काउंटीचं ठाणं आणि एकमेव गाव. तिथे पिण्याचं पाणी कित्येक वर्षं बाहेरून ट्रकने आणावं लागे. सपाट, वाळूची, काटेरी झुडपांची ही जमीन. एक गाय पोसायलासुद्धा भरपूर रान लागतं, मग माणसं दाटीने कशी राहणार?

तरी या जमिनीवर डोळा ठेवणारे निघालेच. १८९०च्या जनगणनेत इथे ३ माणसं होती. तीन! आणि १८९३ मध्ये काउंटी स्थापन करा म्हणून अर्ज गेला, त्यावर दीडशे मतदारांच्या सह्या. मागे होती डेन्व्हरची कालवे काढणारी एक कंपनी. सह्या कुणाच्या, हे विचारायची तसदी तेव्हा कुणी घेतली नाही. निवडणूकही झाली, पदाधिकारीही बसले. शेवटी १८९७ मध्ये विधिमंडळाने काउंटी मोडीत काढून शेजारच्या रीव्ह्ज काउंटीला जोडली. आपल्याकडे मतदार याद्यांवरून ओरड होते ना, त्यांना हा मासला दाखवायला हवा.

पुढे १९२०च्या दशकात तेल लागलं. माणसं आली, १९३१ मध्ये काउंटी पुन्हा उभी राहिली. टेक्सासच्या २५४ काउंट्यांत दोनदा स्थापन झालेली ही एकटीच. १९४० मध्ये लोकसंख्या २८५. जनगणनेत याहून मोठा आकडा इथे कधीच आला नाही. मग ओहोटी: १९७० मध्ये १६४, १९८० मध्ये ९१. शाळा बंद पडली, मुलं शेजारच्या काउंटीतल्या विंक गावी जाऊ लागली.

आता खरी गंमत. गेल्या दशकात आडवं ड्रिलिंग आणि खडक फोडून तेल काढायचं तंत्र इथे आलं आणि हा भाग तेलासाठी टेक्सासमधल्या आघाडीच्या भागांत जाऊन बसला. मेंटोनमधून जाणाऱ्या ३०२ क्रमांकाच्या रस्त्यावर टँकर आणि वाळूच्या ट्रकांची रांग लागते. कामगारांच्या छावण्या उभ्या आहेत, आठवडेच्या आठवडे माणसं तिथे राबतात, झोपतात, जेवतात. तरीही २०१० मध्ये ८२ असलेली लोकसंख्या २०२० मध्ये ६४ वर आली! कारण जनगणना माणसाचा नेहमीचा मुक्काम धरते, आणि या कामगारांची घरं, बायकामुलं मिडलंड-ओडेसा या शहरांत किंवा त्याहून लांब. तेव्हा ६४ हा आकडा खोटा नाही, पण त्यावरून हा मुलुख ओस पडलाय असं समजू नका. इथे माणसं पोटापाण्यासाठी येतात, बिऱ्हाड मात्र थाटत नाहीत.

आणि म्हणूनच त्या थोड्या कायम रहिवाशांना भलतं मोल आलंय. तेलावरच्या करातून कोट्यवधी डॉलर येतात आणि तो पैसा कुणाच्या हाती जायचा ते मूठभर मतं ठरवतात. २००६च्या सुमारास काही बाहेरच्या मंडळींनी इथे येऊन राहायचं, मतदार व्हायचं आणि सत्ता घ्यायची असा घाट घातला होता, तो फसला. पण इथे जमीन असलेले, वाडवडील इथलेच, राहायला मात्र दुसरीकडे, असे लोकही आहेत. त्यांनी मत इथे द्यायचं की नाही, यावर कोर्टकज्जे होतात आणि चार-दोन मतांनी निकाल फिरतात.