दोनशे बार हवा

(टिनाचं गोदाम. दार सरकतं.)

सरकीचा वास अजून गेलेला नाही. कापसाच्या या गोदामात आता १० मीटरची नेमबाजीची रेंज आहे. एअर पिस्तूल दाबलेल्या हवेवर चालतं. छोट्या सिलिंडरात २०० बार हवा भरली की १५० च्या आसपास छर्रे सुटतात. बार म्हणजे दाबाचं माप. पिस्तूल कोणतं घ्यायचं ते नंतर बघू. ही हवा गावात आणायची कुठून?

टायरवाल्याचा कंप्रेसर ८-१० बारवर दमतो, तो विषय तिथेच संपला. वेल्डिंगच्या दुकानातलं ऑक्सिजन सिलिंडर तर कधीच जोडू नका. दाबाच्या ऑक्सिजनला ग्रीसचा ठिपका पुरतो, स्फोट होतो.

(मोठी टाकी.)

पाणबुड्यांची ही टाकी, १० लिटरची. पिस्तुलाचं सिलिंडर मिनिटभरात भरते. पण टाकीचा काटा १७० वर आला की पिस्तूलही १७० वरच थांबणार. मग टाकी भरायला शहर गाठा. पाणबुडे मालवणला, आपण इथे. दाबचाचणी आणि कागद वेगळेच. टाक्यांचे नियम बघणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे, एवढंच काय ते जवळ.

विजेचा छोटा कंप्रेसर दिसतो देखणा. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की मोटर नुसती घूं करते. बटण लगेच बंद केलं नाही तर वाइंडिंग जळतं.

(हातपंप. जवळून.)

म्हणून गावासाठी आमचं मत हवेच्या हातपंपाला. हवा तीन टप्प्यांत दाबणारा घ्यावा. दांडा पूर्ण वर, क्षणभर थांबा, पूर्ण खाली. अर्धवट दांड्याने वरच्या दाबाला हवा आत जातच नाही, नुसता घाम जातो. ८० वरून २०० ला न्यायला साठ-सत्तर दांडे लागतात, आणि शेवटचे वीस बार हाताच्या जोराने होत नाहीत, अंगाचं वजन टाकावं लागतं. तीस दांडे झाले की पाच मिनिटं थांबायचं. नळीच्या बुडाला हात लावा, चटका बसेल. त्याच उष्णतेने आतली सीलं जातात.

आता हा पांढरा रुमाल. अडकलेली हवा सोडायचा ब्लीड स्क्रू सैल केला, फुस्स, आणि कापडावर ओला डाग. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होते. पावसाळ्यात हा डाग रुपयाएवढा होतो. तेच पाणी सिलिंडरात गेलं तर ते आतून खातं आणि व्हॉल्व्ह गळतो. म्हणून पंपाच्या तोंडाशी ओल शोषणारे सिलिका जेलचे निळे दाणे. गुलाबी झाले की ओले समजा. मंद आचेवर भाजले की पुन्हा निळे. भाकरीचा तवा मात्र वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

मे महिन्यात १८० वरच थांबावं. पहाटे २५ अंशाला भरलेले २०० बार दुपारी ४५ अंशाला २१३ होतात, आणि वर टिन आहे.

(अडॅप्टर, बोटं.)

सिलिंडर काढताना आधी ब्लीड स्क्रू, मग आटे. उलटं केलं की ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, कापते. नवीन रिंगला मोहरीएवढं सिलिकॉन ग्रीस. शिलाई मशीनचं तेल नाही, दाबात ते पेट घेतं.

काटा १८० वर. मुलगी सिलिंडर पिस्तुलाला फिरवून बसवते.