दुभाष्याने सांगितलं आणि हिरोडोटसने लिहून घेतलं

नमस्कार. थेट पिरॅमिडपासूनच सुरू करतो, कारण इजिप्त म्हटलं की सगळ्यांना तेच ऐकायचं असतं.

हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इजिप्तमध्ये गेला तो साधारण इ.स.पू. ४५०च्या आसपास, तेव्हा तिथे इराण्यांचं राज्य होतं. तो लिहितो की गिझाच्या मोठ्या पिरॅमिडवर, म्हणजे खुफू राजाच्या पिरॅमिडवर, एक मजकूर कोरलेला आहे, मजुरांच्या मुळा, कांदा, लसणावर किती खर्च झाला त्याचा, आणि आकडा देतो १६०० टॅलंट चांदी (टॅलंट म्हणजे ग्रीकांचं एक मोठं वजन). आता त्याला इजिप्शियन लिपी वाचता येत नव्हती. मग हे कळलं कसं? तर दुभाष्याने वाचून दाखवलं, आणि मला नीट आठवतंय त्याप्रमाणे तो असं म्हणाला, हेही त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आपल्याकडे कुठल्याही किल्ल्यावर गाईड केला की तो चोरवाट पार कुठल्याकुठे निघते म्हणून ठोकून देतो ना, तसलाच प्रकार. दुभाष्याला तरी दोन हजार वर्षांपूर्वीचं काही वाचता येत होतं का, माझा तर विश्वास नाही, पण गिऱ्हाईकाने विचारलं म्हटल्यावर काहीतरी सांगायला नको?

पुढे तो सांगतो की एका वेळी १ लाख माणसं, तीन तीन महिन्यांच्या पाळ्या, पिरॅमिडला २० वर्षं लागली, आणि खुफू इतका दुष्ट की पैसे कमी पडले म्हणून पोटच्या मुलीला धंद्याला लावलं. शिवाय राजांच्या क्रमात खुफूचा नंबरच चुकवलाय, हजार वर्षांहून जास्त पुढे आणून बसवलाय त्याला. पण लक्षात घ्या, हिरोडोटस आणि खुफू यांच्यात दोन हजार वर्षांचं अंतर आहे.

आणि आता गंमत बघा, २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे, म्हणजे त्या नावाच्या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले, त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे, खुफूच्याच काळातली. साधारण ४० माणसांची त्याची टोळी, तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरायचे आणि नाईलवरून गिझाला पोचवायचे, आज निघालो, इथे मुक्काम केला, उद्या पोचलो, एवढंच. दुष्ट राजा नाही की रडारड नाही, कोरडा सरकारी रेकॉर्ड.

मग काय, हिरोडोटस फेकून द्यायचा का? अजिबात नाही, आणि हेच मला आज सांगायचंय. त्याच्या इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात ९९व्या परिच्छेदापाशी तो स्वतःच सांगतो की इथपर्यंत मी जे लिहिलं ते माझं पाहणं, माझा विचार आणि माझी चौकशी, इथून पुढे इजिप्शियन लोकांनी सांगितलेलं. पिरॅमिड आणि मुळे-कांदे या रेषेच्या पलीकडे येतात. आणि रेषेच्या जरा अलीकडे, ९६व्या परिच्छेदात, नाईलवरच्या मालवाहू होडीचं वर्णन आहे. बाभळीच्या जातीच्या लाकडाच्या दोन हात लांबीच्या फळ्या, विटा रचाव्यात तशा रचायच्या, लांब लांब खुंट्यांनी जोडायच्या, आतून फटीत पपायरस भरायचा, आणि सुकाणू होडीच्या तळाच्या कण्यातूनच आरपार जातं. या वर्णनात बसणारी होडी कित्येक वर्षं कुणाला मिळतच नव्हती, त्यामुळे वाद चालूच होता. मग अबू किरच्या उपसागरात थोनिस-हेराक्लेऑन हे बुडालेलं बंदर सापडलं, तिथे साठाहून जास्त जहाजांचे अवशेष, आणि त्यातलं १७ नंबरचं जहाज, साधारण २७-२८ मीटर लांब, त्याचा अभ्यास २०१९ मध्ये पुस्तकरूपात आला. फळ्या तशाच रचलेल्या, खुंट्या तशाच लांब, सुकाणूसाठी कण्यात भोकं. म्हणजे गडी धक्क्यावर उभा राहून नीट बघत होता!

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं केलं तरी ऐकलेल्यात परत एक प्रश्न असतोच, की सांगणारा कोण. इराणच्या कँबायसिसने इ.स.पू. ५२५ मध्ये इजिप्त जिंकलं, आणि हिरोडोटस म्हणतो की त्याने वेड्याच्या भरात देवाच्या पवित्र अपिस बैलाच्या मांडीत खंजीर खुपसला, बैल मेला, पुजाऱ्यांनी गुपचूप पुरला. पण सक्काऱ्याच्या, म्हणजे मेंफिस या जुन्या राजधानीच्या दफनभूमीतल्या, भुयारांत कँबायसिसच्या सहाव्या वर्षी थाटामाटात पुरलेल्या अपिसचा शिलालेख आहे, आणि शवपेटीवर खुद्द कँबायसिसचं नाव! बहुतेक अभ्यासक आता खंजिराची गोष्ट खरी मानत नाहीत. पुजाऱ्यांचा राग कशावर, तर कँबायसिसने बऱ्याच देवळांच्या उत्पन्नाला कात्री लावली होती. पोटावर पाय दिला की राजा वेडा ठरतोच.

आणि ही भुयारं सापडली कशी, तर स्ट्रॅबोमुळे. हा ग्रीक भूगोलकार इजिप्तचा रोमन सुभेदार एलियस गॅलस याच्याबरोबर नाईलवरून वर पार फिलेपर्यंत गेला होता, इ.स.पू. २५च्या सुमारास. त्याने लिहिलंय की मेंफिसला सेरापिसचं (अपिसशीच जोडलेला देव) देऊळ इतक्या वाळूत आहे की काही स्फिंक्स अर्धे तर काही डोक्यापर्यंत गाडलेले दिसले. १८५० मध्ये मारिएत नावाचा फ्रेंच माणूस, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने त्याला खरं तर इजिप्तमधल्या ख्रिश्चनांची जुनी कॉप्टिक हस्तलिखितं विकत घ्यायला पाठवलेलं, त्याला सक्काऱ्याला वाळूतून एक स्फिंक्सचं डोकं वर आलेलं दिसलं, स्ट्रॅबोचं वाक्य आठवलं, हस्तलिखितं राहिली बाजूला आणि मजूर लावून खणायलाच सुरुवात केली.

स्ट्रॅबो मला हिरोडोटसपेक्षा जास्त आवडतो, थोडा रुक्ष आहे पण सहज फसत नाही. थीब्जला मेमनॉनचा पुतळा सकाळी आवाज करतो म्हणून लोक गर्दी करायचे, हा म्हणतो आवाज मीही ऐकला, पण तो दगडातून आला की जवळ उभ्या असलेल्या कुणी मुद्दाम काढला ते सांगता येत नाही.

क्लिओपात्राबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने तिच्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलं, आणि ती साप चावून मेली ही गोष्ट सांगताना खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही असंही तो म्हणून जातो. ते वाक्य सिनेमावाल्यांनी सोयीस्करपणे गाळलं.

शेवटचं एक, आपल्या जवळचं. स्ट्रॅबो म्हणतो की त्याच्या काळी तांबड्या समुद्रावरच्या मायॉस हॉर्मॉस बंदरातून १२० जहाजं हिंदुस्थानकडे जायची. ती कुठे जायची ते पुढच्या शतकात इजिप्तमध्येच राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, त्याचं नाव माहीत नाही पण पुस्तक आहे, पेरिप्लस. त्यात देव नाहीत, वेडे राजे नाहीत, कारण वाचणाऱ्याचं भांडवल बुडालं असतं. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, पैठणहून मौल्यवान खडे येतात, तेरहून कापड. आणि सूचना अशी, की कल्याण पूर्वी चांगलं बंदर होतं पण आता तिथे अडवणूक चालते, ग्रीक जहाज चुकून तिथे लागलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात.