साठाव्या आणि एकसष्टाव्या मुलामधलं अंतर

नमस्कार श्रोतेहो. दहावीच्या निकालात आपलं कोकण मंडळ दरवर्षी राज्यात पहिलं येतं. 2024 साली तर 99.01 टक्के. मला याचा मनापासून अभिमान आहे. पण हे कुठल्या धोरणामुळे झालं, ते नुसत्या टक्क्यांवरून सांगता येत नाही.

समजा, वाडीतल्या शाळेला एक योजना मिळाली आणि हजेरी वाढली. त्याच वर्षी पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव म्हणजे छोटा पूलही झाला. पावसाळ्यात घरी अडकणारी पोरं आली ती योजनेमुळे की साकवामुळे? त्याच साकवाचा फायदा झालेली, पण योजना न मिळालेली दुसरी शाळा बघायची. तिथे वाढलेली हजेरी पहिलीतून वजा केली, की योजनेचा वाटा उरतो.

कधी नियमच अशी जोडी जमवून देतो. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या 60 पटाला दोन शिक्षक, पट 61 झाला की तिसरा. एका मुलाचा फरक. पण एका गुरुजींमागे तीसऐवजी वीसच मुलं. अशा सीमेवरच्या पुष्कळ शाळा ताडून पाहिल्या, तर जादा शिक्षकाने काय साधलं ते कळेल.

इस्रायलमध्ये वर्गाला 40 मुलांची मर्यादा होती. तिच्या आधारे अँग्रिस्ट आणि लेवी या अर्थशास्त्रज्ञांनी 1999 साली दाखवलं, की लहान वर्गात मुलं जास्त गुण मिळवतात. पुढे त्यांनीच नवी आकडेवारी तपासली, तेव्हा तो परिणाम दिसेना. शिवाय सीमेजवळ पट फुगवल्याच्या खुणाही सापडल्या. आपल्याकडे 2011 च्या पटपडताळणीत कितीतरी शाळांच्या पटावर बोगस मुलं असल्याचं उघड झालं, ते आठवतच असेल. आकडा खोटा, तर पुढचा सगळा हिशेब खोटा.

आणि मला सर्वांत जास्त टोचतं ते हे. कुटुंबं मुंबईला गेली, पट पंचवीसवरून बारावर आला. गुरुजी तेच, शिकवणं तेच. तरी दरमुलामागचा खर्च दुप्पट दिसतो आणि शाळा 'अकार्यक्षम' ठरते. हा आकडा स्थलांतराचा आहे, शाळेचा नव्हे. ही बारा मुलं दुसरीत आली तेव्हा काय वाचू शकत होती आणि चौथीत काय वाचतात, ते मोजा. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनो, पुढच्या बैठकीत हे दोन आकडे मागून घ्या. सोबत शेजारच्या वाडीतल्या शाळेचेही.