लादाईन संपली तरी लोक जात नाहीत

म्हापसा, उत्तर गोवा. हे सेंट जेरोम चर्च, पण या नावाने पत्ता विचारलात तर समोरचा डोकं खाजवेल, मिलाग्रिस म्हणा, लगेच बोट दाखवेल. ईस्टरनंतर दोनेक आठवड्यांनी, सोमवारी, इथे फेस्त, म्हणजे चर्चची जत्रा, असतं आणि ही जी रांग दिसतेय ना, तिच्यात कुंकू लावलेल्या बायका किती आहेत बघा. हातात तेल, मेणबत्ती, मोगऱ्याची फुलं. मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मरियामाता, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, सात बहिणींतली एक, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला पण माहीत असतं. मग बहिणीकडे तेल घालायला यायला परवानगी कोणाची घ्यायची?

यात भक्ती किती आणि बाहेरच्या खाज्याच्या दुकानांची ओढ किती, ते वेगळं करायच्या भानगडीत मी पडत नाही. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लिहिलं होतं की सुवार्ता सांगणाऱ्याचं तोंड नुकतंच मयताहून आल्यासारखं नसावं. रोममधून सांगावं लागलं, पण म्हापशाच्या फेस्तात असं तोंड घेऊन फिरायची सोयच नाही, गर्दी तुम्हाला ढकलत ढकलत हसायला लावते.

२०२० मध्ये मात्र सगळं ठप्प झालं. चर्च बंद, मीस, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मोबाईलवर. घरोघरी मोबाईल तेलाच्या बरणीला टेकवून ठेवलेला, पाद्री तेच, गाणी तीच, पण एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की हात स्क्रीनला जोडायचे की भिंतीला तेच कळत नव्हतं. परत दारं उघडली तेव्हा काही जणांना मीस पूर्वीसारखी उरकता येईना, बाजूला कोण उभं आहे हे जरा वळून बघावंसं वाटायला लागलं.

तसं ही एकत्र जमायची ओढ काही आजची नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत राहिला आणि त्याने येशूची कथा मराठीत, ओवीत रचली, दहा हजारांवर ओव्या, १६१६ मध्ये राशोलला छापल्या. नव्याने किरिस्तांव झालेल्या लोकांची पुराणं बंद झाली होती (ती कशी बंद झाली तो इतिहास कडू आहे, त्याला वेगळा व्हिडिओ लागेल) आणि नुसत्या धर्मशिकवणीच्या प्रश्नोत्तरात त्यांचा जीव रमत नव्हता. त्यांना चारचौघांत बसून ऐकायला, म्हणायला काहीतरी हवं होतं.

आता हे बघा, मला दाखवायचं होतं ते खरं हेच. बार्देशातला एक वाडा, मे महिना, रात्र झाली तरी अंगाला घाम, रस्त्याकडेला चुना मारलेला खुरीस, म्हणजे क्रूस, झेंडूच्या माळा, मेणबत्त्यांचं मेण पायरीवर ओघळतंय. व्हायोलिनवाल्या काकांनी हनुवटीखाली रुमालाची घडी धरलीय, समोर वही नाही. ही लादाईन, खुरसापुढे जमून गायची प्रार्थना. एक जण मरियेचं एकेक नाव घेतो, बाकीचे 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी प्रार्थना कर, असं लॅटिनमध्ये म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, चर्चमधली मीस लॅटिन सोडून कोंकणीत आली, पण खुरसाकडे लॅटिन अजून टिकून आहे. बहुतेकांना त्यातलं ओ का ठो कळत नाही, तरी वरचा सूर कोणी धरायचा आणि खालचा कोणी हे सांगावं लागत नाही, स्कूटरवर बसून मेसेज बघणारा पोरगासुद्धा मान वर न करता बरोबर खालच्या सुरात मिसळतो.

मग उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे घातलेले, स्टीलच्या बालदीतून कागदावर, आणि मोठ्यांना थोडी फेणी. लादाईन संपली तरी कोणी घरी जात नाही, कोणाचा मुलगा लंडनला, कोणाचं छप्पर पावसाआधी शाकारायचं राहिलंय, मागच्या वर्षी बांधावरून भांडलेले दोघे त्याच बालदीसमोर हात पुढे करून उभे, बोलत नाहीत अजून, पण उभे आहेत. शेजारच्या घरातली वहिनी म्हणतात, फुडल्या वर्सा चणे आमगेले. म्हातारी मावशी त्यांच्या हातावर अजून एक मूठ ठेवते आणि म्हणते, चणे आमी घालतात, तूं फकत वेळार यो, आज परत गाणें सोंपल्यार पावलें!